निर्णयाआधी प्रभूची वाट पाहायची म्हणजे नेमकं काय करायचं?

"प्रार्थनेत ठेवलंय, प्रभूची वाट पाहतोय." लग्नाचं स्थळ असो, परदेशातली नोकरी असो की सेमिनरीत (पाळक-पुरोहित घडवणाऱ्या शाळेत) जाण्याचा विचार, ख्रिस्ती घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण वाट पाहताना रोज काय करता असं विचारलं, तर बऱ्याच जणांना सांगता येत नाही. रात्रीच्या प्रार्थनेत एक विनंती वाढलेली असते, बाकी दिवस पूर्वीसारखाच जातो. मग सहा महिन्यांनी समोरून नकार येतो आणि "देवाची इच्छा नव्हती" असं म्हणून विषय संपतो. खरं तर तिथे वाट पाहिलीच गेली नाही. निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतला, आपण तो नुसता ऐकला.

ख्रिस्ती परंपरेत वाट पाहणं हे काम आहे. त्याला सुरुवात आहे, रोजचा ठरलेला वेळ आहे, वहीत उतरवायच्या गोष्टी आहेत आणि शेवटही आहे. हे काम सगळ्यांत बारकाईने लिहून ठेवलं ते येशूसंघाचे (जेझुइट या कॅथोलिक संन्यासी संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी. त्यांचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी मान्य केलं. पद्धत कॅथोलिक असली तरी तिचा पाया बायबलचाच आहे, त्यामुळे प्रोटेस्टंट मंडळीतल्या कुणालाही ती वापरता येते.

बायबलमध्ये वाट पाहणं कसं दिसतं

जुन्या करारात यासाठी वारंवार येणारा हिब्रू शब्द आहे 'कव्वा', म्हणजे आशा धरून वाट पाहणं. त्याच धातूवरून 'तिकवा' म्हणजे आशा. गंमत अशी की यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहरातली राहाब नावाची स्त्री खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते, तिच्यासाठीही हाच 'तिकवा' शब्द आहे. दोरी एका टोकाला बांधलेली असते म्हणून ताणता येते. वाट पाहणंही तसंच, ते कुणाला तरी बांधलेलं असतं. 130व्या स्तोत्रात पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी येतो. पहाट होणार याबद्दल त्याला शंका नसते, पण तो झोपतही नाही.

घाई केली तर काय होतं याची उदाहरणंही तिथेच आहेत. अब्राहाम निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा 100. मधल्या काळात देवाने दिलेलं संततीचं वचन पुरं करण्याची वाट घरच्यांनीच काढली, आणि 86व्या वर्षी दासी हागारेपासून इश्माएल झाला. त्या घाईचा सगळ्यांत मोठा भार हागारेने उचलला, हे विसरू नये. शौल राजाने गिलगालात सात दिवस शमुवेल संदेष्ट्याची वाट पाहिली. सैन्य पांगू लागलं तेव्हा त्याने स्वतःच होम केला, आणि तो संपतो न संपतो तोच शमुवेल पोचला. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे: भीती वाढली आणि भीतीलाच मार्गदर्शन समजलं गेलं.

नव्या करारातला सगळ्यांत उपयोगी उतारा माझ्या मते प्रेषितांची कृत्ये, 16वा अध्याय. पौल आणि सोबत्यांना पवित्र आत्म्याकडून आशिया प्रांतात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियाकडेही जाऊ दिलं जात नाही. ते त्रोवसला येतात, रात्री पौलाला मासेदोनियाचा एक माणूस मदतीला बोलावताना दिसतो. पुढचं वाक्य बारकाईने वाचा. दृष्टान्त एकट्याला झाला, पण देवाने बोलावलं आहे हे अनुमान 'आम्ही' काढलं, असं या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. तिथल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ आहे गोष्टी एकत्र जुळवणं. बंद झालेली दोन दारं, एक दृष्टान्त आणि सगळ्यांचा विचार, हे जुळलं तेव्हा ते निघाले.

तोफेचा गोळा आणि दोन प्रकारची स्वप्नं

20 मे 1521 रोजी स्पेनमधल्या पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला. वय साधारण 30. लोयोलाच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्या वाचायला शूर सरदारांच्या कथा मागितल्या, त्या नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तकं. मग मनात आलटून पालटून दोन तऱ्हेचे विचार सुरू झाले. एका उच्चकुलीन स्त्रीसाठी काय काय पराक्रम करीन, यात तीन-चार तास सहज जात. आणि अनवाणी यरुशलेमला जाईन, संतांसारखं कठोर जीवन जगेन, यातही तसेच जात. विचार चालू असताना दोन्ही गोडच लागत. फरक नंतर कळायचा. पहिल्यानंतर मन कोरडं आणि असमाधानी व्हायचं, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राहायचं.

सगळी पद्धत या एका निरीक्षणावर उभी आहे. विचार येताना कसा वाटला याला फारसं महत्त्व नाही. तो गेल्यावर मागे काय उरलं ते पाहायचं.

आधी प्रश्न तपासा

प्रत्येक प्रश्न वाट पाहण्याचा नसतो. इग्नेशियसची पहिली अट अशी की समोरचे दोन्ही पर्याय चांगले किंवा निदान गैर नसलेले हवेत. हिशेबात खोटं लिहू का, हा प्रश्न प्रार्थनेत ठेवायचाच नाही, त्याचं उत्तर आधीच दिलेलं आहे. दुसरी अट म्हणजे लग्न किंवा पौरोहित्यासारखा बदलता न येणारा निर्णय झालेला असेल, तर त्याची निवड पुन्हा मांडायची नाही. त्यात चांगलं कसं जगायचं एवढंच विचारायचं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात मारहाण होत असेल, तर आज सुरक्षित जागी जाणं हा प्रार्थनेत ताटकळत ठेवायचा प्रश्न नाही. आधी बाहेर पडा, बाकी सगळं नंतर.

प्रश्न हो-नाही असा, एका ओळीत लिहिता आला पाहिजे. "माझ्या आयुष्यासाठी देवाची योजना काय?" यावर काम करता येत नाही. "आयर्लंडच्या रुग्णालयाची नोकरी घेऊ की नको?" यावर करता येतं.

हेच उदाहरण पुढे नेऊ. समजा, वसईकडची तिशीतली एक परिचारिका आहे. नोकरीचं पत्र आलंय, उत्तराला सहा आठवडे आहेत. घराचं कर्ज आहे, आई एकटी आहे आणि तिचे गुडघे दुखतात.

काटा मधोमध आणणं

आता सगळ्यांत अवघड पायरी. इग्नेशियस तराजूची उपमा देतात. सुरुवातीला काटा मधोमध हवा, म्हणजे देव ज्या बाजूला नेईल तिकडे झुकायची तयारी हवी. याला अलिप्तता म्हणतात. मनात ओढ नसणं असा तिचा अर्थ नाही. ओढ असणारच, पण ती ओढ देवाच्या सेवेपेक्षा जड नसावी.

आपला काटा कुठे आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रार्थनेत "प्रभू, नको म्हणालास तर?" हे वाक्य स्वतःच्या तोंडाने उच्चारून पाहायचं. घसा दाटला, राग आला किंवा लगेच "पण" सुरू झालं, तर काटा अजून झुकलेला आहे. मग पुढे जायचं नाही. काही दिवस प्रार्थना नोकरीबद्दल करायची नाही, मोकळेपणासाठी करायची. अटकेच्या आदल्या घडीची, गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना इथे रोज वाचावी. त्यानेही आधी स्वतःची इच्छा स्पष्ट सांगितली आणि मगच ती पित्याच्या हाती दिली. बहुतेकांची वाट पाहण्याची गाडी याच पायरीवर अडते, कारण ती ओलांडायच्या आधीच लोक चिन्ह मागू लागतात.

रोजचं काम

दिवसातून दोन वेळा ठरवायच्या. सकाळी 30 ते 40 मिनिटं शास्त्रवाचन आणि मनन. मोबाइल दुसऱ्या खोलीत, उतारा आदल्या रात्रीच ठरवलेला. इग्नेशियस पूर्ण साधनेत 30 दिवस, रोज तासातासाच्या पाच प्रार्थना सुचवतात. कामात गुंतलेल्यांसाठी मात्र रोज सुमारे दीड तासाचीही सोय त्यांनीच ठेवली आहे. तेवढंही जमत नसेल तर थोडा वेळ घ्या, पण ठरलेला. त्यांची एक सूचना अनुभवाने फार खरी ठरते: प्रार्थना नकोशी वाटेल त्या दिवशी ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसायचं, कमी कधीच नाही.

रात्री 15 मिनिटं दिवसाचा आढावा. त्याचे टप्पे पाच: दिवसाबद्दल आभार, प्रकाश मागणं, तासातासाने दिवस डोळ्यांपुढून नेणं, चुकीची क्षमा, उद्याचा निश्चय. मग वहीत दोनच ओळी. आज 'जावं' हा विचार कधी आला आणि गेल्यावर मन कसं होतं? 'राहावं' हा विचार कधी आला आणि नंतर मन कसं होतं? तारीख घाला. कारणमीमांसा नको.

दोन-तीन आठवड्यांत वहीत काहीतरी आकार दिसू लागतो. विश्वास, आशा, प्रीती वाढवणारी, माणसांकडे आणि देवाकडे नेणारी मनाची हालचाल म्हणजे सांत्वन. यात आनंद असेलच असं नाही, पश्चात्तापाचे अश्रूही सांत्वनच आहेत. उलट अंधार, घालमेल, आळस, प्रार्थनेचा कंटाळा, देव दूर गेल्याची भावना म्हणजे कोरडेपणा. देवाच्या वाटेवर चालणाऱ्या माणसात चांगल्या आत्म्याचा स्पर्श कसा असतो? स्पंजवर पाण्याचा थेंब पडावा तसा, मुरत जाणारा. वाईटाचा स्पर्श दगडावर थेंब आपटावा तसा, आवाज करणारा. पण माणूस देवापासून दूर जात असेल तर हे उलटं होतं. तिथे वाईट गोड बोलतं आणि चांगला आत्मा टोचतो. म्हणून टोचणी लागली की ती शत्रूचीच, असं धरू नका.

या काळातला एक नियम मोडू नका: कोरडेपणात निर्णय बदलायचा नाही. मन स्वच्छ असताना जे ठरलं त्यालाच धरून राहायचं. प्रार्थना, आढावा थोडा वाढवायचा आणि हे दिवस जातील हे लक्षात ठेवायचं. याला जोडून दुसरा नियम, जो कमी लोकांना माहीत असतो. शिबिराच्या शेवटच्या दिवशी, उपास-प्रार्थनेच्या रात्री, मन भरून आलेलं असताना नवस-वचनंही देऊन टाकायची नाहीत. सांत्वन देवाकडून असेल. पण ते ओसरताना मागे राहणाऱ्या उबेत आपण आपल्याच योजना मिसळतो, आणि त्या देवाच्या नावावर खपतात.

एक इशारा. झोप उडणं, भूक जाणं, कशातच रस न वाटणं, जगू नये असं वाटणं हे दोन आठवड्यांहून अधिक टिकलं, तर त्याला कोरडेपणा समजून प्रार्थना वाढवत बसू नका. डॉक्टरांकडे जा. जगू नये असं वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका.

काहीच जाणवत नाही तेव्हा

इग्नेशियस निवडीचे तीन प्रसंग सांगतात. पहिल्यात शंकेला जागाच राहत नाही, जसं येशूने बोलावताच मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला. दुसऱ्यात सांत्वन-कोरडेपणाच्या अनुभवातून दिशा कळते. तिसऱ्यात मन शांत असतं, ना भरती ना ओहोटी. लोकांना हा तिसरा प्रसंग म्हणजे देवाचं मौन वाटतं. इग्नेशियसच्या लेखी ती बुद्धी वापरायची वेळ असते, आणि बुद्धीही देवाचंच दान आहे.

आपली परिचारिका एक कागद घेते आणि चार रकाने आखते: गेल्याने लाभ, गेल्याने तोटा, राहिल्याने लाभ, राहिल्याने तोटा. चार का? राहण्याचे लाभ म्हणजे जाण्याचे तोटेच, असं वाटतं. पण वेगळं लिहिल्यावर नवं निघतं. 'गेल्याने तोटा' मध्ये 'आई एकटी' येतं. 'राहिल्याने लाभ' मध्ये मात्र 'धर्मगावातल्या आजाऱ्यांकडे रविवारी जाते ते चालू राहील' असं काहीतरी उतरतं, जे एरवी सुचलंच नसतं. 'गेल्याने लाभ' मध्ये 'कर्ज फिटेल' आहे, आणि खाली बारीक अक्षरात 'मैत्रिणी सगळ्या गेल्या'. हे शेवटचं खोडायचं नाही, फक्त बाजूला खूण करायची. मग प्रत्येक कारणाला विचारायचं: हे देवाच्या सेवेकडे आणि माझ्या आत्म्याच्या भल्याकडे नेतं, की मानाकडे आणि भीतीकडे? कारणं मोजायची नाहीत, तोलायची. एका बाजूला नऊ आणि दुसरीकडे दोन असतील, तरी दोन जड ठरू शकतात.

अडलंच तर तीन कल्पना आहेत. कधी न भेटलेली कुणी अनोळखी मुलगी हाच प्रश्न घेऊन आली, आणि तिचं भलं व्हावं असं मनापासून वाटतंय, तर तिला काय सांगाल? मरणाच्या दारात असताना आज काय ठरवलेलं असावं असं वाटेल? न्यायाच्या दिवशी ख्रिस्तापुढे उभं राहताना? यातली पहिली कल्पना सगळ्यांत लवकर काम करते, कारण दुसऱ्याला सल्ला देताना आपली भीती थोडी मागे राहते.

शिक्कामोर्तब, आणि तेही कुठे थांबवायचं

कौल मिळाला की तो लगेच कळवून टाकायचा नाही. प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा आणि त्याची मान्यता मागायची. सहा आठवडे असतील तर पाचव्याच्या शेवटी मनाशी ठरवा आणि शेवटचा आठवडा 'ठरलं आहे' असं धरून जगून पाहा. शांती टिकते का? बाहेरची दारंही पाहा: कागदपत्रं, आईची सोय, ज्यांचा अधिकार आहे त्यांचा होकार.

बाहेरचं दार किती खरं मानायचं? इग्नेशियस 1523 साली यरुशलेमला पोचले. आयुष्यभर तिथेच राहायचं हा त्यांचा पक्का निश्चय होता. पवित्र स्थळांची जबाबदारी असलेल्या फ्रान्सिस्कन प्रमुखांनी त्यांना परत जायला सांगितलं, आणि त्यांना तसा अधिकार होता. इग्नेशियसनी तिथे राहणं ही देवाची इच्छा नाही असं मानलं, परतले, आणि तिशी उलटल्यावर बार्सिलोनात मुलांच्या बरोबरीने लॅटिन शिकायला बसले. आतली खात्री कितीही असली तरी ती अर्धीच असते, हे त्यांच्याकडून शिकावं.

उलट टोकाची चूकही त्यांच्याच बाबतीत नोंदलेली आहे. येशूसंघाच्या चर्चना ठरावीक उत्पन्न असावं की नसावं, यावर त्यांनी 1544 साली 2 फेब्रुवारी ते 12 मार्च असे 40 दिवस प्रार्थना केली. कौल लवकर स्पष्ट झाला होता, तरी आणखी खूण, आणखी अश्रू, आणखी एक मिस्सा (कॅथोलिक उपासना) असं चालू राहिलं. शेवटी त्यांना उमगलं की खूण मागत राहणं हा आपलाच हट्ट आहे, आणि त्यांनी तिथे विषय संपवला. म्हणून शेवटची तारीख पहिल्याच दिवशी वहीत लिहा.

नेहमी चुकतं ते

बायबल डोळे मिटून उघडायचं, बोट ठेवायचं आणि "वचन मिळालं" म्हणायचं, ही सवय सोडावी. वचन देवाचं असतं, पण पान आपल्या अंगठ्याने उघडलेलं असतं. जुन्या करारातल्या गिदोनाने लोकर अंगणात ठेवून तिच्यावरच्या दवावरून देवाकडे खूण मागितली, हे दाखवून याचं समर्थन होतं. पण गिदोनाला देवाने आज्ञा आधीच स्पष्ट दिली होती, लोकर त्याच्या धास्तीपोटी आली. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे खरं. पण आधी निकष ठरले, त्यात बसणारे दोघे निवडले गेले, प्रार्थना झाली आणि मग चिठ्ठ्या. पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्यानंतर, निवडीसाठी चिठ्ठ्या टाकल्याचं नव्या करारात पुन्हा कुठे दिसत नाही.

दुसरी चूक म्हणजे गुपित ठेवणं. वाईटाला गुप्तता आवडते, असं इग्नेशियस बजावतात. एका जाणत्या माणसाला वही दाखवा: आध्यात्मिक मार्गदर्शक, पाळक, अनुभवी सिस्टर. पण त्यांचं काम काटा धरण्याचं आहे, झुकवण्याचं नाही. "प्रभूने मला तुझ्याबद्दल सांगितलंय" असं म्हणून कुणी तुमचं लग्न, पैसा किंवा नोकरी ठरवू लागलं, तर नम्रपणे उठून या. आत्म्यांची पारख करा, हे योहानाच्या पहिल्या पत्रातच लिहिलं आहे.

निर्णय कुटुंबाचा किंवा मंडळीचा असेल तर 1539 सालचं रोममधलं उदाहरण घ्यावं. इग्नेशियस आणि त्यांचे सोबती (त्यांत फ्रान्सिस झेवियरही होते, जे 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले) आपल्यापैकी एकाच्या आज्ञेत राहायचं का, यावर अडले होते. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या 40 दिवसांत) सुरू झालेली चर्चा 24 जूनला संपली. दिवसा सेवा, रात्री बैठक. त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या: प्रत्येकाने एकट्याने प्रार्थना करायची, या विषयावर खाजगीत एकमेकांचं मन वळवायचं नाही, आणि स्वतःला गटाबाहेरचा परका समजून विचार करायचा. मग एका रात्री प्रत्येकाने फक्त विरोधातली कारणं सांगायची, दुसऱ्या रात्री फक्त बाजूची. ज्याला एखादी गोष्ट हवीच आहे, त्यालाही एक रात्र तिच्याविरुद्ध बोलावं लागतं. घराच्या वाटणीचा किंवा आईला कुणी सांभाळायचं याचा प्रश्न असा दोन रात्रींत बोलून पाहा. आवाज चढत नाहीत.

आता परिचारिकेचा कागद. निर्णय कळवून झाला की त्यावर तारीख घालून तो वहीत ठेवायचा, फाडायचा नाही. जायचं ठरलं असेल, तर तिकडे पहिल्या हिवाळ्यात, दुपारी चारला अंधार पडतो तेव्हा, "चुकलंच आपलं" असा विचार येणार. राहायचं ठरलं असेल, तर मैत्रिणीच्या नव्या घराचे फोटो येतील तेव्हा तोच विचार येणार. त्या रात्री नवा निर्णय घ्यायचा नाही. तो कागद उघडायचा, चारही रकाने वाचायचे, आणि मग झोपायचं.